गाणाऱ्यांच्या आठवणी



राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या, लढायांचे पोवाडे रचले गेले, मुत्सद्द्यांचे पत्रव्यवहार छापून निघाले. परंतु ज्या शाहिराने डफावर थाप मारून तो पोवाडा गावोगाव नेला, त्याची बखर कोणी लिहिली, असे विचारले तर आपल्याला पुष्कळ वेळ गप्प बसावे लागते. लोकांना आवडेल ते गाऊन ज्यांनी जन्म काढला आणि उतारवयात मागे वळून आपली हकीकत सांगितली, अशा कलावंतांच्या आठवणी हा आजचा विषय आहे. त्या आठवणींना इतिहासात कोणते स्थान द्यावे, त्यांवर कितपत विश्वास ठेवावा, आणि त्यांतून असे काय मिळते की जे अन्य कोणत्याही कागदात मिळत नाही, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांत आज लोकप्रिय संगीताला पॉप म्हणतात, रॉक म्हणतात. नावे नवी आहेत. वस्तू आपल्याला अनोळखी नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत नाट्यपदाने तेच काम केले. त्यानंतर भावगीत आले, चित्रपटगीत आले. आणि या सर्वांच्या आधीपासून व नंतरही लावणी, तमाशा आणि शाहिरी चालू राहिली. तिकीट काढून, तबकडी विकत घेऊन किंवा चौकात उभे राहून लोकांनी जे गाणे आपलेसे केले, ते लोकप्रिय गाणे. या अर्थाने पाहिले म्हणजे बालगंधर्वांपासून गिटार घेऊन गाणाऱ्या गोव्याच्या गायकापर्यंत सर्वांची हकीकत एकाच सूत्रात ओवता येते.

आरंभ आपल्याच गावापासून करू. नाशिकच्या इतिहासात गाण्याला फार मोठी किंमत द्यावी लागली आहे. कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, हे पायांनी अधू होते, पण त्यांची पदे पायांनी धडधाकट असलेल्या तरुणांना चालावयास लावीत. ती पदे छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ च्या जून महिन्यात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळींचे ‘शारदा’ चालू असता अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबारावांवरील खटल्याशी जॅक्सनचे नाव जोडले गेले होते, हे आपण सर्व जाणतोच. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९१० च्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

या घटनेची कागदपत्रे विपुल आहेत. साक्षी आहेत, निकालपत्रे आहेत, सरकारी अहवाल आहेत. त्या कागदांना हे ठाऊक आहे की पिस्तूल कोठून आले आणि कोण कोठे बसले होते. परंतु त्या रात्री रंगभूमीवर उभी असलेली मंडळी त्या खटल्याच्या दृष्टीने केवळ पार्श्वभूमी होती. एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवीत पोट भरणाऱ्या नाटक कंपनीवर अशा प्रसंगाने काय ओढवते, दुसऱ्या दिवशीच्या खेळाचे काय होते, बाड-बिछाना घेऊन निघालेल्या नटांकडे पोलीस कसे पाहतात, हे निकालपत्र सांगत नाही. ते सांगणे न्यायाधीशाचे कामही नव्हे. ते काम गाणाऱ्यांच्या आणि नटांच्या आठवणींचे आहे. आणि म्हणूनच त्या आठवणी इतिहासाला लागतात.

आता याच किर्लोस्कर मंडळींतून फुटून निघालेल्या तिघांचे उदाहरण घेऊ. १९१३ साली नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. एक गळा, एक अभिनय आणि एक संवादिनी, असा तो त्रिवेणी संगम होता. टेंबे यांनी त्यापूर्वीच, १९११ साली, ‘मानापमाना’च्या पदांना चाली देऊन नाट्यसंगीताचे वळणच बदलून टाकले होते. परंतु हा संगम फार काळ टिकला नाही. १९१५ साली टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोडसही निघाले. कंपनी बालगंधर्वांची झाली, तिचे वैभव बालगंधर्वांचे झाले आणि तिचे कर्जही बालगंधर्वांचेच झाले.

या तिघांपैकी दोघांनी मागे वळून लिहिले. बोडसांचे ‘माझी भूमिका’ आहे. टेंबे यांनी १९३९ साली ‘माझा संगीत व्यासंग’ आणि १९४८ साली ‘माझा जीवनविहार’ अशी दोन पुस्तके दिली. तिसऱ्याने, म्हणजे ज्याच्यासाठी लोक तिकिटे काढीत त्याने, आत्मचरित्र लिहिलेच नाही. दोन पुस्तके आणि एक मौन, अशी ही स्थिती आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे. लिहिणारा भागीदार स्वतःची बाजू मांडतो. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही, मनुष्यस्वभाव असतो. न लिहिणाऱ्याची बाजू मात्र इतरांच्या तोंडून, म्हणजे भक्तांच्या किंवा निंदकांच्या तोंडून येते. ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी भूमिका केली, हा प्रसंग महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. परंतु त्या रात्री त्या बापाच्या मनात काय होते, हे सांगणारा त्याचा स्वतःचा एक परिच्छेदही आपल्यापाशी नाही. आपण त्या प्रसंगाला कर्तव्यनिष्ठेचा धडा करून टाकले. ते धैर्य होते, हतबलता होती की कंपनीच्या पोटापाण्याची निकड होती, याचा निवाडा करणारा एकच साक्षीदार होता आणि तो १९६७ साली न बोलता गेला.

कर्जाची गोष्ट अशीच आहे. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केला. लोकांच्या आठवणीत तो प्रयोग म्हणजे महाराष्ट्राच्या रसिकतेची दिवाळी. परंतु त्याच सुमारास गंधर्व मंडळीवर लाखाहून अधिक कर्ज होते, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. ज्यांनी फंडाला भरभरून दिले, त्यांतल्या एकापाशी आयुष्य उरले नव्हते आणि दुसऱ्यापाशी पैसा. आपल्या नाशिकाशी ज्यांचे अखेरचे दिवस जोडले गेले, त्या विष्णु दिगंबर पलुसकरांचेही तसेच झाले. लाहोरास १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या पुरुषाची मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली आणि येथे, रामनाम आधार आश्रमात, त्यांनी रामनामाचा आश्रय घेतला. त्यांनीही आपली कथा लिहिली नाही, ती प्रा. बी. आर. देवधरांसारख्या शिष्याने लिहिली. पण शिष्य गुरूच्या कर्जाचा आकडा लिहू शकतो. त्या कर्जाने आलेली रात्रीची झोपमोड तो कोठून लिहिणार?

मला वाटते, येथेच या आठवणींचे मर्म हाती लागते. गाणाऱ्याची आठवण तारखेला कच्ची असते, पण किमतीला पक्की असते. कोणते पद कोणत्या साली रचले हे तो चुकेल. त्या पदासाठी काय गमावले हे तो सहसा चुकत नाही. गाण्याचा इतिहास आपण कृतींच्या याद्या करून लिहितो: अमुक नाटक, अमुक पद, अमुक राग. त्या गाण्याची किंमत कोणी आणि कशी चुकती केली, हा रकाना त्या याद्यांत कोराच राहतो. तो भरणारे दुसरे साधन नाही.

आता तबकडीच्या काळाकडे वळू. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि हिंदुस्थानातील गाण्यापुढे एक नवा पेच उभा राहिला. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या मैफलीला तीन मिनिटांच्या डबीत बसवायचे होते. गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत असे. स्त्रीचे गाणे ऐकायचे पण तिचे नाव घरात घ्यायचे नाही, अशा त्या काळात एक गायिका स्वतःच्या तोंडाने आपले नाव मेणावर कोरून ठेवीत होती, याला मी एका ओळीचे आत्मचरित्रच म्हणेन.

या तीन मिनिटांना मराठीत ज्याने नेमका घाट दिला तो प्रकार म्हणजे भावगीत. जी. एन. जोशी हे विदर्भातले वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी तबकडीवर गाइली आणि कविता हा वाचण्याचा विषय होता तो गुणगुणण्याचा झाला. पुढे १९३८ साली ते हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत गेले आणि गाणाऱ्यांच्या बाजूने उठून काचेपलीकडे, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या बाजूला बसले. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आठवणींचे पुस्तक त्यामुळेच मोलाचे आहे. थोर गवई तबकडीला का बिचकत, तीन मिनिटांत राग आटपण्याचा त्यांना का संकोच वाटे, त्यांना राजी कसे करावे लागे, हे दोन्ही बाजू पाहिलेला मनुष्यच सांगू शकतो. गाण्याच्या इतिहासात यंत्राचा वाटा केवढा, हे असल्या पुस्तकांवाचून कळत नाही.

तबकडीमागोमाग ध्वनिक्षेपक आला. नाटकाच्या नटाला शेवटच्या बाकापर्यंत आवाज फेकावा लागे; ध्वनिक्षेपकासमोर हलकेच उच्चारलेला शब्दही हजारांना ऐकू जाऊ लागला. गजानन वाटवे यांच्या भावगीतगायनाचे रहस्य येथे आहे. गाण्यासाठी लहानपणीच घर सोडून निघालेला हा मुलगा पुढे गणेशोत्सवाच्या मांडवातून कविता गाऊ लागला आणि चौकांत माणसे दाटू लागली. ‘गगनी उगवला सायंतारा’ या नावाने त्यांनी आपली कहाणी सांगितली आहे. शास्त्रोक्त गवई भावगीताला हलके समजत, शिष्टांना त्यातला शृंगार खटके, आणि लोक मात्र रस्ता अडवून ऐकत. लोकप्रियता ही मानाची वस्तू आहे की कमीपणाची, हा प्रश्न या गायकांना जन्मभर चिकटून राहिला. त्यांच्या आठवणींत जागोजाग जे समर्थन आढळते, ते या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, हे ध्यानात घेऊन ते वाचावे.

सुधीर फडके यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींचे स्वर, वर्षभर आठवड्यागणिक एक, अशी ५६ गीते. एवढे घरोघर पोहोचलेले गाणे मराठीत दुसरे दाखवणे कठीण. साहजिकच कोणालाही वाटेल की, अशा पुरुषाचे आत्मचरित्र म्हणजे त्या यशाची कथा असणार. पण ‘जगाच्या पाठीवर’ हे त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, आणि त्याचा सारा भार आहे तो उपासमारीवर, अनोळखी गावांतल्या वणवणीवर, नकारांवर. टाळ्यांची आठवण पुसट होते, भुकेची होत नाही. अमेरिकेतील बॉब डिलन या गायकाने २००४ साली आपल्या आठवणींचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातही हाच प्रकार आहे: ज्या वर्षांनी त्याला जगप्रसिद्ध केले ती बहुतेक वर्षे तो ओलांडून जातो, आणि न्यूयॉर्कमधील उमेदवारीचे दिवस व पुढे कला हातातून निसटू लागल्याचे दिवस बारकाईने सांगतो. दोन दूरच्या देशांतील, दोन अगदी भिन्न प्रकृतींचे हे गायक. पण मागे वळून पाहताना दोघांचीही नजर एकाच जागी खिळते, हा योगायोग मानता येत नाही.

परंतु पुस्तक लिहावयास आधी अक्षर यावे लागते. आणि येथे आपल्या इतिहासातली मोठी त्रुटी दिसते. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १९२२ साली वामन कर्डक यांचा जन्म झाला. मुंबईत गिरणीत राबताना कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवा म्हणाले आणि वाचता येत नाही या शरमेने ते रडले. मोठेपणी ते अक्षर शिकले. दुकानांच्या पाट्या वाचीत शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि मग हा मनुष्य साठ वर्षे थांबला नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार ज्या खेड्यांत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते तेथे वामनदादांच्या गाण्याने पोहोचला. हजारो गीते त्यांनी रचली. ती इतरांनी गाइली, जलशांतून आणि पुढे कॅसेटींतून ती पसरली. ज्याचे गाणे त्याला मोबदला, हा न्याय त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. पण संतांच्या अभंगाप्रमाणे गीताच्या शेवटी ते आपली नाममुद्रा गुंफीत. कागदावरचा हक्क राहिला नाही, तरी ओळीतले नाव राहिले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे पुस्तक आहे, पण त्यांचे खरे आत्मचरित्र त्या नाममुद्रांत विखुरलेले आहे. २००४ साली ते गेले. त्यांच्या समकालीन अशा किती गायनपार्ट्या या जिल्ह्यात होत्या, त्यांत पेटी कोण वाजवी, ढोलकी कोण वाजवी, याची यादी आज कोणी करू म्हणेल तर त्याला माणसे शोधत फिरावे लागेल.

स्त्रियांची गोष्ट आणखी बिकट. विठाबाई नारायणगावकरांनी आपले आयुष्य सांगितले, पण लेखणी होती योगिराज बागूल यांच्या हाती. ऐन खेळात बाळंतकळा सुरू झाल्या तेव्हा पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या या कलावतीला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि अखेरची वर्षे हलाखीत गेली. बालगंधर्वांनी मुलगी गेल्यावर प्रयोग केला तो त्याग म्हणून आपण मुलांना सांगतो. विठाबाईंचा हा प्रसंग सांगताना मात्र आपला स्वर नवलाचा होतो. दोन्हीकडे किंमत तीच, किंबहुना दुसरीकडे अधिकच. मग स्वर वेगळा का, हे ज्याने त्याने मनाशी विचारून पाहावे.

गिटारीच्या युगातही फारसे निराळे घडलेले नाही. १९७४ साली मुंबईत अलीक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ बसविले, त्यात जूडासची भूमिका गाणारे नंदू भेंडे हे मराठी रंगभूमीच्या घरातले; आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. चारच वर्षांनी ते पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशांचा तमाशा’त गाइले. रॉक आणि तमाशा यांचा सांधा असा एका गळ्यात जुळला. गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली शिवोलीच्या घरी स्वतःच गाऊन, स्वतःच वाद्ये वाजवून पहिली ध्वनिमुद्रिका केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोहोचवल्या. २०२१ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र निघाले. टेंब्यांनी स्वतःची मंडळी काढली आणि रेमोंनी स्वतःची कॅसेट काढली, या दोहोंमध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे. परंतु दुसऱ्याच्या पेढीवर गाण्याऐवजी स्वतः तोटा सोसून आपल्या मनाचे गावे, ही ऊर्मी एकच आहे.

आता या आठवणी वाचाव्यात कशा? पहिले पथ्य असे की, तारखेसाठी आठवणीवर विसंबू नये. प्रयोगाची तारीख वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत असते, ध्वनिमुद्रणाचा काळ तबकडीच्या क्रमांकावरून लागतो, नभोवाणीचा कार्यक्रम छापील पत्रिकेत सापडतो. दुसरे, एका भागीदाराचे पुस्तक वाचले की दुसऱ्याचेही वाचावे, आणि तिसऱ्याने लिहिले नसेल तर त्याची खुर्ची रिकामी आहे हे विसरू नये. तिसरे, ‘शब्दांकन’ असे जेथे असेल तेथे सांगणारा कोठे थांबतो आणि लिहिणारा कोठे सुरू होतो हे पाहावे. आणि चौथे, गायक ज्या वर्षांविषयी बोलत नाही त्या वर्षांकडे अधिक लक्ष द्यावे.

नाशिकला आठवणी लिहिण्याची परंपरा नाही असे नाही. जवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले अव्वल आत्मचरित्र आहे, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने ते दिले आहे. तेव्हा विद्वत्ता नाही ही सबब चालणार नाही. या शहरात लग्नाच्या वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवून आयुष्य काढलेले वादक आहेत. मेळ्यांतून, कलापथकांतून गाइलेल्या आज ऐंशीच्या घरात असलेल्या बाया आहेत. ऑर्केस्ट्राच्या जमान्यात हुबेहूब दुसऱ्याच्या आवाजात गाऊन टाळ्या घेतलेले आणि स्वतःच्या आवाजात कधीच न ऐकलेले गायक आहेत. त्यांच्या घरी जाऊन बसावे. पहिली बिदागी किती मिळाली, ती कोणाला दिली, कोणते वाद्य गहाण पडले, कोणत्या गावाने जेवू घातले आणि कोणत्या गावाने पंगतीबाहेर बसविले, हे विचारून वहीत उतरून घ्यावे. खाली दिनांक आणि गाव घालावे. महाविद्यालयातल्या दहा मुलांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत हे काम केले, तरी जिल्ह्याच्या सांगीतिक इतिहासाचा एक खंड उभा राहील. उशीर मात्र करू नये, कारण हे साक्षीदार सरकारी दप्तरासारखे कपाटात पडून राहणारे नाहीत.